ऑन रोड

‘ऑन रोड’ म्हणजे काय, हे व्यंकटीने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पंचशीलाने हातातलं पेन टेबलावर आपटलं. गाडी रस्त्यावर आणायला जेवढे पैसे लागतात तेवढे सगळे, कर, विमा, नंबर धरून, असं तिने बापाला पुन्हा एकदा सांगितलं.

“मंजी रस्ता धरून,” व्यंकटी म्हणाला आणि परत कागदावर वाकला.

नांदेडच्या त्या शोरूममध्ये बापलेक सकाळी दहापासून बसले होते. काचेपलीकडे ती पांढरी, लांबलचक, परदेशी नावाची गाडी उभी होती. लातूरला दवाखाना काढल्यापासून अकरा वर्षं पंचशीलाने जुन्या डबड्यावर काढली होती. आता तिला ही गाडी हवी होती. बापाला पुढच्या सीटवर बसवून ती थेट गावातल्या घरासमोर, आईच्या दारात उभी करायची होती. गावात कुणाच्याच दारात अशी गाडी नव्हती, आणि पहिली आपल्या वस्तीत यावी हा तिचा हट्ट होता. तो ती लपवतही नव्हती.

पण फोनवर सांगितलेली किंमत कागदावर चांगलीच फुगली होती. बनवण्यावर कर, विकण्यावर कर, गाडी मोठी म्हणून वेगळा कर आणि यंदाच्या बजेटात निघालेला आणखी एक. गाडी घेतोय की दंड भरतोय, असं तिने विक्रेत्याला दोनदा विचारून पाहिलं. त्याच्या छातीवरच्या पाटीवर ‘श्रीमंत’ असं लिहिलं होतं, आणि बिचाऱ्याचं तेवढं नावच काय ते श्रीमंत होतं. हे सगळं सरकारचं आहे मॅडम, आमच्या हातात काही नाही, असं तो प्रत्येक ओळीला सांगत होता.

व्यंकटी मात्र ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचत होता. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं ते बोट अर्धंच होतं. बोट कुठे गेलं, असं पंचशीलाने लहानपणी विचारलं की तो “रस्त्यात पडलं” एवढंच सांगायचा. शाळेत जाता-येता ती कितीतरी दिवस ते खडीत शोधत राहिली होती.

बोट एका ओळीवर थांबलं.

“ह्यो कशाचा?”

रोड टॅक्स, श्रीमंत म्हणाला. पंधरा वर्षांचा एकदम भरायचा.

“कोन्त्या रोडचा?”

सगळ्याच, असं म्हणून श्रीमंत हसला. व्यंकटी हसला नाही. आमच्या फाट्याच्या पुढचा रस्ता त्यात धरलाय का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

जळकोटच्या पुढे त्यांच्या गावाचा फाटा लागतो. तिथून गाव तीन किलोमीटर. त्या रस्त्यावर बाहत्तरच्या दुष्काळात खडी पडली. डांबर पडायच्या आधी पाऊस पडला, दुष्काळ संपला आणि कामही संपलं. दहा वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. रस्त्याचे कागद म्हणे जुन्या जिल्ह्यात राहिले. नवे साहेब तिकडे विचारा म्हणायचे, जुने साहेब आता तुम्ही आमचे नाही म्हणायचे. असं म्हणणारे सगळे यथावकाश निवृत्त झाले. खडी तशीच राहिली. यंदा लातूरला पाणी रेल्वेने येत होतं, पण गावचा टँकर फाट्याच्या पुढे येत नव्हता, खडीवर चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तुटतात म्हणून. पार्वतीबाई, पंचशीलाची आई, फाट्यावरून दोन घागरी आणत होती. शोरूमने दिलेली पाण्याची बाटली व्यंकटीने न फोडता पिशवीत ठेवली होती, ती तिच्यासाठीच.

पंचशीलाने मग मोबाइलमधला त्या रस्त्याचा फोटो उघडून श्रीमंतपुढे धरला आणि गाडी इथून जाईल ना, असं विचारलं. तो फोटो श्रीमंतने मोठा करून बराच वेळ बघितला.

“गाडीचं पोट खाली आहे, मॅडम. फाट्यापर्यंत काहीच प्रश्न नाही.”

पंचशीलाचा संताप संताप झाला. सकाळपासून गिळलेलं सगळं वर आलं. म्हणजे कर दारापर्यंतचा आणि गाडी फाट्यापर्यंत, ती म्हणाली. हा रोड टॅक्स ती भरणार नव्हती. जो रस्ता झालाच नाही त्याचे पैसे कोणी आणि कुणाला द्यायचे? श्रीमंतने हात जोडले. टॅक्स भरल्याशिवाय नंबर नाही, नंबराशिवाय गाडी नाही. तो स्वतः अहमदपूरकडचा होता, असले रस्ते त्याने पाहिलेले होते, पण त्याचा इलाज नव्हता.

“माय, कामून भांडून राह्यलीस त्याच्याशी,” व्यंकटी लेकीला म्हणाला. मग श्रीमंतकडे वळला. “त्यो कर भरलेला हाय, बापू.”

“कवा?” श्रीमंतच्या तोंडून गावाकडची बोली निघून गेली.

“बाहत्तरला. चार म्हैने खडी फोडली म्या त्या रस्त्याची.”

श्रीमंत सकाळपासून उपाशी होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं तेच त्याने सवयीने विचारलं.

“पावती हाय का, बाबा?”

व्यंकटीने उजवा हात कागदावर, त्या ओळीवर पालथा ठेवला. अर्धं बोट आकड्याच्या अलीकडेच संपलं.

“व्हती,” तो म्हणाला. “रस्त्यात पडली.”