एक पाकळी कमी

छुसॉकच्या सणाला आई गावाहून दरवर्षी माझ्या सासूबाईंसाठी याकग्वा करून पाठवते. आल्याच्या रसात भिजवलेली, तळून मधात मुरवलेली कणकेची फुलं. डबा ती स्वतः शिवलेल्या रेशमी रुमालात बांधते. पण तिच्या लाकडी साच्याची एक पाकळी तुटलेली आहे, त्यामुळे प्रत्येक फूल लंगडं निघतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला मी ती फुलं आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला देऊन टाकली आणि सेऊलच्या मोठ्या दुकानातले याकग्वा आणून आईच्या रुमालात बांधले. मग दरवर्षी तेच.

यंदा मोतीबिंदू काढायला आई माझ्याकडे आली. सणाच्या दिवशी सासूबाईंनी तिला आग्रहाने जेवायला बोलावलं आणि मी यंदाही आतली फुलं बदलून पोचवलेला डबा तिच्यासमोर उघडला.

"विहीणबाई, सहा वर्षं खातेय तुमच्या हातचं. एक फूल वाकडं नाही हो! नाहीतर मी. माझं पाणीसुद्धा करपतं."

आईने एक याकग्वा उचलला, डोळ्यांजवळ नेला. बोटाने एकेक पाकळी चाचपली. सगळ्या होत्या. मी चहाच्या कपात डोळे घालून बसले.

"माझा साचा जुना झालाय, त्याची एक पाकळी गेलीय," आई सासूबाईंना म्हणाली. "लेकीच्या सासरी मोडकं फूल कसं पाठवायचं? म्हणून तुमच्या घरासाठी मी दुसरा साचा ठेवलाय."