गाडीखालची परीक्षा

"माणसाची खरी लायकी गाडीखाली कळते," मुलीचे वडील म्हणाले. त्यांनी स्वतः ही परीक्षा कधी दिली नव्हती. त्यांच्या सासऱ्यांकडे सायकल होती.

त्या वेळी गाडीखाली एक दातांचा डॉक्टर उताणा पडला होता. छोट्या गाडीची पुढची चाकं दोन उतरत्या ठोकळ्यांवर चढवलेली होती, आणि डॉक्टरचे फक्त बूट बाहेर दिसत होते. त्याला या घरची मुलगी हवी होती, मुलीला तो हवा होता. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, की रविवारी या, गाडीचा ऑइल फिल्टर बदलून द्या, मग बघू. याआधी आलेला एक इंजिनिअर बॉनेट उघडायला म्हणून डिकीकडे गेला होता. त्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

फिल्टरच्या निवडीपर्यंत ठीक गेलं होतं. दुकानदाराने काउंटरवर दोन डबे ठेवले, एक पेट्रोल गाडीचा, एक डिझेलचा, पण दिसायला जुळे भाऊ. वडील दुकानाच्या पंख्याकडे बघत उभे राहिले. डॉक्टरने जुन्या फिल्टरवरच्या नंबराचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणला होता. तो ताडून पाहिला, डब्याच्या कडेच्या गोल रबरावरून हिरडी तपासावी तसं बोट फिरवलं आणि एक उचलला. दुकानदाराने मान डोलावली. वडील म्हणाले, "पुढे बघू."

जुना फिल्टर अक्कलदाढेसारखा अडून बसला होता. पान्याला जोर लावताना सवयीने डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं, "जरा दुखेल हं."

"काय म्हणालात?" वडिलांनी खुर्चीतून विचारलं.

"काही नाही, काका."

फिल्टर सुटला तशी काळ्या तेलाची धार थेट बाहीत शिरली. त्या गडबडीत पुढचं भराभर उरकलं. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावलं, फिल्टर हाताने घट्ट बसवला, जुनं तेल परातीत सोडायला उघडलेला खालचा बोल्ट बंद केला, बाहेर येऊन वरून नवं तेल ओतलं. सगळं फारच सुरळीत झालं. दवाखान्यातही अशाच वेळी तो पुन्हा एकदा तपासून बघायचा.

"बसा सगळ्यांनी," वडील म्हणाले. "एक चक्कर मारून येऊ. मग बोलू."

ते स्टिअरिंगमागे बसले. मुलीची आई पर्स घेऊन मागे बसली. मुलीने पुढचं दार उघडलं आणि गाडीच्या टपावरून डॉक्टरकडे भुवया उंचावून पाहिलं. झालं ना?

डॉक्टर हात पुसत होता. नजर परातीतल्या जुन्या फिल्टरवर गेली. त्याने तो उचलून तिरका केला. कडेची खाच रिकामी होती. त्याने परातीतल्या तेलात बोटं फिरवली. रबर तिथेही नव्हतं. म्हणजे ते वर इंजिनलाच चिकटून राहिलं होतं, आणि त्याच्यावर त्याने नवा फिल्टर आवळला होता. रबरावर रबर. गाडी चालू झाली की फटीतून तेल बाहेर पडणार. आज धार लागेल किंवा दोन दिवसांनी, रस्त्याच्या मधोमध. तोवर कदाचित होकार मिळालेला असेल.

चावी आत गेली. मुलगी पट्टा लावत होती.

"काका, चालू करू नका," डॉक्टर म्हणाला. "माझी चूक झालीय. परत उघडावं लागेल."

वडिलांनी चावी काढली. स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "इंजिनिअरने निदान काही बिघडवलं तरी नव्हतं."

"बाबा."

"मी काय बोललो?"

ते उतरले, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि निकाल जागेवरच द्यायचा म्हणून स्वतः डॉक्टरशेजारी गाडीखाली सरकले. गाडीखालून बाहेर आता चार पाय दिसत होते.

"या गाडीला आजवर माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता," त्यांनी इंजिनला सांगितलं. "तेल म्हणा, फिल्टर म्हणा, सगळं मी करत आलो. आज पहिल्यांदा दुसऱ्याला लावू दिला, तर हे."

डॉक्टरने नवा फिल्टर काढला, खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला, टॉर्च लावला आणि वर धरला. रबर होतं. त्याने नखाने हळूच सोडवलं, ते अलगद तळहातावर आलं. मग त्याने पुन्हा आरसा धरला, आणि धरूनच राहिला.

तिथे अजून एक रबर होतं. चपटं, काळं, बिस्किटासारखं कडक झालेलं. ते आजचं नव्हतं. आज काढलेल्या फिल्टरचंही नव्हतं, त्याचं तर हातात होतं. ते त्याच्याही आधीच्या फिल्टरचं होतं.

वडिलांनी आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. डॉक्टरने तेही सोडवलं आणि दोन्ही रबरं मुठीत धरली.

"अहो," वरून मुलीच्या आईचा आवाज आला, "उघडलंच आहे तर यांना विचारा ना, या गाडीतून वर्षभर इतकं तेल का गळतंय. सगळी फरशी काळी झाली. तुम्ही आपले म्हणता, गाडीचं वय झालं."

गाडीखाली डॉक्टरने मूठ घट्ट मिटली.

"बरोबर आहे, काकू," डॉक्टर म्हणाला. "वय झालं की होतं असं."

वडिलांनी मान वळवता येईल तेवढी वळवली. मग अगदी हळू, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

"जावईबापू, त्यातलं जुनं रबर जरा माझ्या खिशात सरकवता का? इथे माझा हात वळत नाहीये."