ओव्याचा धूर

सकाळी कामावर आल्याआल्या तेजश्रीने शारदाकुंज इमारतीचा आलेख उघडला. शहरातला कोणता धूर कुठून आला, हे यंत्र कणांची आकडेमोड करून सांगायचं. इतकं डिझेल, इतकी बेकरी, इतकी बांधकामाची धूळ. गेले काही दिवस या इमारतीतून एक बारीकसा वाटा वेगळा निघत होता: कोळसा, ओवा आणि लसणाची सालं.

यंत्राला तो ओळखता येईना. तेजश्रीने मात्र पाहताक्षणी ओळखला होता. बाळंतिणीची शेगडी! तिथे तिची मुलगी इरा राहायची, भांडून गेलेली, आईचा फोनही न घेणारी. तिला दिवस गेल्याचं तेजश्रीला बाहेरूनच कळलं होतं. घरात काहीही जाळायला बंदी होती. म्हणून तेजश्री रोज त्या वाट्यापुढे ‘धूळ’ लिहायची आणि बाळाला आज धुरी मिळाली, एवढ्यावर दिवस काढायची.

आज तो वाटा शून्य होता.

"बरं झालं, एक कटकट गेली," शेजारच्या टेबलावरचा ओजस म्हणाला.

"अरे, महिनाभर तरी देतात धुरी. मधेच कशी थांबेल?"

तिने इराला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. जाऊनही उपयोग नव्हता; मागच्या वेळी इराने दार उघडलंच नव्हतं.

तेजश्रीने कालचा ‘धूळ’ शब्द खोडला आणि तिथे ‘शेगडी’ लिहून इराच्या घराचा नंबर टाकला.

"मॅडम, आता पथक जाईल तिथे! दंड होईल त्यांना."

"होऊ दे," पर्स उचलत तेजश्री म्हणाली. "पथक आलं की दार उघडावंच लागतं."