सोन्याचा कण

"पाटल्या उतरव, आई. नाहीतर काचेबाहेरूनच बघ," लेक प्रयोगशाळेच्या दारात म्हणाली.

तिचे वडील गेले तेव्हा अख्खी भावकी माझ्या ह्या सोन्याच्या पाटल्या उतरवायला उभी होती. तेव्हा नाही ऐकलं कुणाचं. आता आकाशातून पडलेल्या एका धोंड्यासाठी ऐकू?

"अगं, तुझ्या पाटलीचा डोळ्याला न दिसणारा कण आत पडला, तरी ह्या दगडातल्या सोन्याहून जास्त भरेल. माझी दोन वर्षांची मोजणी फुकट जाईल."

"शेवटी दगडफोडीच झालीस," म्हणाले आणि हात पुढे केले. काचेबाहेर ताटकळणारी बाई मी नव्हे. तिनं साबण लावून पाटल्या हळूहळू काढल्या, मग माझं एकेक बोट धुतलं. लहानपणी मी तिची धुवायची तसं.

आत सगळं पांढरंशुभ्र, अंगभर झगे चढवलेल्या आम्ही दोघीसुद्धा. हात इतके हलके झालेले, की पाय जमिनीला लागेनात. तिनं कुपीतली त्या धोंड्याची चिमूटभर राखाडी पूड दाखवली.

"दगड वितळला की लोखंड खाली बुडतं, सोन्यालाही घेऊन जातं. ह्यातलं सोनं अजून सगळीकडे सारखं पसरलेलं आहे. म्हणजे सूर्य तान्हा असताना हा जमला, तो आजवर कधी वितळलाच नाही."

"मेला, माझ्या माहेरचाच दिसतोय!"

लेक खळखळून हसली. वडील गेल्यापासून तिचं हे हसू मी ऐकलं नव्हतं.

"जायचं आता बाहेर?" तिनं विचारलं.

"घाई कसली? आणखी एखादा धोंडा असेल तर दाखव."