एका दिवसाची हजेरी
छातीत धडधडतं म्हणून हेडबाईंनी दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र लावलं, तर नेमका त्याच दिवशी परगावी राहणारा त्यांचा मुलगा मुक्कामाला आलेला. अहवाल स्वच्छ निघाला. सरकारी विम्याचे साहेब म्हणाले, "बाई, हृदय ठणठणीत आहे. पंधरा दिवस यंत्राची पट्टी चिकटवायचा खर्च सरकारनं का सोसायचा?" बाई निवृत्त झाल्या, तरी आवाज वर्गातलाच. "एक दिवस पोरगं शाळेत दिसलं, म्हणून वर्षभराची हजेरी लावता का?" साहेबांनी मंजुरी दिली. पट्टी उतरवल्यावर तंत्रज्ञ मुलगी आलेख बघून चक्रावली. "आजी, ठोके रोज संध्याकाळीच चुकतात! काही जड उचलता?" "छे गं. दाराजवळ खुर्चीत बसलेली असते." "मग तेव्हा होतं काय?" "लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबते." "अय्या, कोण येतं?" सरकारचे पैसे वाया गेले नाहीत, या समाधानात चष्मा पुसत बाई म्हणाल्या, "दर वेळी शेजारणीचाच मुलगा."