पहिली पत्रिका

"आतला आवाज एकदा ऐकू आला की माणसाने मागेपुढे पाहू नये. भगवंतांनी अर्जुनाला दुसरं काय सांगितलं? ऊठ आणि कामाला लाग," असं बद्रीनाथ टिपणीस यांनी कसब्यातल्या गणपतीच्या रांगेत उभं राहून जाहीर केलं, आणि चपला स्टँडवर ठेवल्या ते बरं केलं की पायरीजवळच ठेवायला हव्या होत्या, हे बघायला ते परत मागे गेले.

रांगेतली त्यांची जागा तनुजाबाईंनी धरून ठेवली. त्यांना सवय होती. बद्रीनाथ दर गुरुवारी सदाशिव पेठेत गीतेचा वर्ग घेत आणि तनुजाबाई तिथे पहिल्या ओळीत बसत. सरांचा विषय कायम एकच, निर्धार. वर्ग सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो दुसऱ्या अध्यायापुढे सरकला नव्हता. कारण पुढे कुणाच्या टीकेचा आधार घ्यावा, हे सरांचं अजून नक्की होत नव्हतं.

ते परतले तेव्हा रांग देवळात शिरली होती.

"बरं, लग्न कुणाचं म्हणालात?" त्यांनी विचारलं. लग्नाची पहिली पत्रिका या गणपतीपुढे ठेवायची, हा पुण्याचा रिवाज. ती ठेवायला सोबत चला, एवढंच तनुजाबाईंनी सकाळी फोनवर सांगितलं होतं. भाचीबिचीचं काहीतरी असेल, असं त्यांनी धरलं होतं.

तनुजाबाईंनी पिशवीतून पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. बद्रीनाथांनी चष्मा वर केला, खाली केला. वधूच्या जागी तनुजाबाईंचं नाव होतं. वराच्या जागी त्यांचं स्वतःचं, आडनावासकट.

"एकच काढलीय," तनुजाबाई म्हणाल्या. "नातवाच्या प्रिंटरवर. छापखान्यात शंभराच्या खाली घेत नाहीत."

"पण अहो, आधी विचारायचं तरी."

"विचारलं होतं की, दिवाळीत. तुम्ही म्हणालात, विचार करतो."

"तो चालू आहे."

"चालू द्या. पण देवाला बोलावणं करून मग कार्य रद्द करणं बरं दिसत नाही. म्हणून गाभाऱ्यापर्यंत वेळ आहे तुम्हाला. नाही म्हणालात तर पत्रिका पिशवीत परत जाईल आणि मी वारज्याला, मुलाकडे, अभिनवकडे. त्याने माझी खोली रंगवून ठेवलीय. गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणे. फक्त गुरुवारी तिकडून येणं व्हायचं नाही."

तनुजाबाई हे वर्तमानपत्रातलं हवामान वाचून दाखवावं तसं बोलल्या. पिशवीचा बंद मात्र त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळून घेतला होता.

"आमोदशी बोलायला हवं," बद्रीनाथ म्हणाले. आमोद म्हणजे त्यांचा मुलगा.

"मी बोललेय. तो म्हणाला, बाबांचं ठरलं की कळवा. तोवर बहुधा मीही रिटायर झालेला असेन, म्हणाला."

"पुत्राने असं बोलावं?"

"काका," मागून एक गृहस्थ म्हणाले, "पुढे सरकताय, की इथे भाड्याने राहताय?"

बद्रीनाथ पुढे सरकले. दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडायला त्यांनी मनातल्या मनात सुरुवात केली. वय. लोक. गुडघे. मग त्यांना आठवलं की असा प्रसंग आला तर काय करावं, हे आपण इतकी वर्षं सांगत आलो आहोत. त्यांनी डोळे मिटले आणि आत कान लावला. आतून निदान संस्कृतात काहीतरी येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. पण आलं ते साध्या मराठीत आणि जरा वैतागून. गुरुवारचं विवेचन तू बुधवारी तीन-तीनदा लिहितोस ते कुणासाठी? बाकीची मंडळी सतरंजी भरायला येतात. ही बाई वारज्याला गेली तर कुणाला सांगणार आहेस अर्जुनाचं?

त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर कुणी उरलं नव्हतं. गाभाऱ्याच्या दारात तरुण गुरुजी हात पुढे करून उभे होते.

"पत्रिका? द्या. कुणाचं लग्न?"

पत्रिका बद्रीनाथांच्याच हातात होती. तनुजाबाई शेंदरी मूर्तीकडे बघत राहिल्या. बोटाला गुंडाळलेला बंद आणखी एक वेढा फिरला.

"आजोबा, लवकर. नातीचं का?"

"माझं," बद्रीनाथ म्हणाले. इतक्या पटकन की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग तनुजाबाईंकडे बघून त्यांनी दुरुस्ती केली, "आमचं."

तनुजाबाईंनी बोटाचा बंद सोडला. बोट पांढरं पडलं होतं. त्यात हळूहळू रंग भरत गेला.

गुरुजींनी पत्रिका वाचली. एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. चेहऱ्यावर काही उमटू न देता त्यांनी ती देवाच्या पायाशी ठेवली आणि दोघांच्या हातावर एकेक जास्वंदीचं फूल दिलं. फूल ओंजळीत घेऊन बद्रीनाथ गाभाऱ्याच्या दारात अगदी मधोमध उभे होते. असा क्षण आयुष्यात पुन्हा येत नाही आणि त्याला साजेसं काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"आजोबा," गुरुजी म्हणाले, "असे लांब का उभे? जरा त्यांच्याजवळ सरका. मागच्यांना देव दिसत नाहीये."