दोन पेट्या

शिरूरच्या आठवडी बाजारात पुरुषांनी हातात हात धरून गोल केला होता, आणि जन्नतबी जरा दुरून तो गोल बघत दातओठ खात होती. विजेची पेटी घ्यायची होती तिच्या दुखण्यासाठी. पारखत होते मात्र हे धटिंगण, ज्यांची कधी मानसुद्धा लचकली नसेल.

पेटीवाल्याने कापडावर दोन पेट्या मांडल्या होत्या. मोठीला हँडल होतं. ते फिरवलं की तारांच्या टोकांना असलेल्या दोन पितळी मुठींत वीज उतरायची. धाकटी पेटी टॉर्चच्या सेलवर चालायची, आणि खुंटी ओढून तिचा जोर कमीजास्त करता यायचा. "जुनाट दुखण्याला उतारा पडतो," असं तो घसा फोडून सांगत होता.

"दुखतंय कुठं, मामा?" त्याने गोलात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, फकीरला विचारलं.

"माझं न्हाई, बायकूचं. कंबर."

कंबर! जन्नतबीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या घरातल्याच गादीच्या दुकानात गिऱ्हाइकाशी गप्पा फकीर मारायचा आणि टाके ती घालायची. जाड दाभण कापसातून ओढून ओढून तिचा उजवा खांदा असा धरला होता की वेणी घालायलाही हात वर जात नव्हता. शेजारची रशिदा येऊन घालून द्यायची. एका छपराखाली राहणाऱ्या माणसाला एवढंही दिसू नये?

गोल एका जागी उघडा होता. तिथल्या एका टोकाच्या माणसाने एक मूठ धरली, दुसऱ्या टोकाला कोंडिबा पैलवानाने दुसरी. पेटीवाल्याने हँडल गरगर फिरवलं. सगळा गोल कळवळला, आणि कोंडिबा "आयायायाय" करत मूठ टाकून मातीत बसला. बाजार खदखदून हसला. मग धाकटीची पाळी आली. तिच्या तारा कोंडिबाने मातीत बसूनच धरल्या.

"ह्या नुसत्या मुंग्या," कोंडिबा म्हणाला. "लेकरांचं खेळणं हाय हे."

"मोठीच बांधा," फकीर बोटं झटकत, खूश होऊन म्हणाला. "पैलवानाला बसवलं हिनं. दुखणं काय टिकतंय हिच्यापुढं?"

आता मात्र जन्नतबीला राहवलं नाही. ती पुढे आली.

"घरी हँडल कोण फिरवणार?"

"तू हायेस की. दिवसभर घरीच असतीस."

"मुठी दोन, हँडल एक. मला हात किती हायेत?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. फकीरचं तोंड उतरलं. "बाजारात तमाशा नगं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी फिरवीन. झालं?"

"मग आत्ताच फिरवा."

तिने डोक्यावरचा पदर दातात धरला आणि खाली बसून दोन्ही मुठी उचलल्या. पेटीवाला घाईने हँडलपाशी सरकला, तशी तिने मानेनेच त्याला थांबवलं. "तुम्ही न्हाई, दादा. तुम्ही काय आमच्या घरी येणार हाय? ह्यांना फिरवू द्या."

फकीरने हँडल हातात घेतलं आणि रागारागाने फिरवलं. झटका तळहातांतून सरळ खांद्यात शिरला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण ती हलली नाही. रात्री कुशीवर वळताना जी कळ यायची, तिच्यापुढे हे काहीच नव्हतं, आणि त्या कळेला बाजारात कोणी हसलं नव्हतं.

"फिरवा," ती पदराआडून म्हणाली.

कोंडिबा मातीतून उठला आणि उगाच धोतर झटकत मागे सरकला. फकीर फिरवत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. हळूहळू मुठींतला जोर ओसरला. कोणी सांगायच्या आधी ते तिला कळलं.

"का थांबला?"

"थांबलो कुठं? हात बदलतोय." फकीरने हँडल डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात झटकला.

"का? काय झालं?"

"भरून आलाय, दुसरं काय."

"कुठं?"

"अगं, इथं." त्याने वैतागून हँडल सोडलं आणि डावा हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

जन्नतबीने मुठी कापडावर ठेवल्या. डाव्या हाताने तिने धाकटी पेटी उचलून पिशवीत टाकली.

"माझं बी तिथंच दुखतंय," ती म्हणाली.